गावाचे नाव आणि गायकाचे नाव

(देवस्थानच्या उत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोमंतकातील कोणत्याही देवालयाच्या प्राकारात पाऊल टाकले की प्रथम नजरेस पडतात त्या संगमरवरी पाट्या. अग्रशाळेच्या खोलीवर, सभामंडपाच्या खांबावर दात्याचे नाव, गाव आणि दिलेली रक्कम कोरलेली असते. ही रीत योग्यच आहे. दानाची नोंद ठेवणे हा संस्थेचा धर्म होय. परंतु ह्याच सभामंडपांतून पिढ्यान् पिढ्या ज्यांनी आपला कंठ, आपली बोटे आणि आपले अवघे आयुष्य देवाच्या पायी वाहिले, त्यांचे नाव कोणत्या दगडावर आहे? पालखीपुढे गाणारी कलावंतीण, तिच्यामागे उभा राहणारा सारंगिया, नगारखान्यातील वाजंत्री ह्यांचे दान रुपयांत मोजता आले नाही, म्हणून ते कोरलेही गेले नाही. रस्त्यांना, चौकांना आणि सार्वजनिक वास्तूंना स्थानिक कलावंतांची नावे द्यावीत, असा विचार अनेकदा पुढे येतो. त्याचा आरंभ ह्या प्रश्नापासून व्हावयास हवा.

गावाचे नाव आडनाव म्हणून लावण्याची चाल गोमंतकात सर्वच ज्ञातींत आहे. देवळाच्या सेवेतील कलावंत घराण्यांच्या बाबतीत मात्र तिला एक वेगळा आणि काहीसा करुण अर्थ होता. महाजनांच्या नोंदवहीत त्यांना स्थान नव्हते, आणि पित्याचे कुलनाम लावण्याची मुभाही समाजाने त्यांच्यापैकी पुष्कळांना दिली नाही. त्यांनी गावाचे नाव उचलले. दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी मंगेशी येथे झाला. आई येसूबाई देवळाच्या सेवेतील कलावंत. वडील गणेशभट अभिषेकी त्याच देवालयातील पुजारी. मुलाने आडनाव लावले ते मंगेशकर. १९१८ साली उभ्या राहिलेल्या बळवंत संगीत मंडळीच्या रंगमंचावरून ते महाराष्ट्रात दुमदुमले, आणि ज्येष्ठ कन्या लताबाईंनी ते जगाच्या पाठीवर सर्वत्र नेले. लताबाईंचा जन्म इंदूरचा, कर्मभूमी मुंबई. पण नावात मंगेशी कायम. त्यांच्या निधनानंतर, २८ सप्टेंबर २०२२ रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिनी, अयोध्येत लता मंगेशकर चौकाचे उद्‌घाटन झाले. तेथे चाळीस फूट लांबीची, चौदा टन वजनाची वीणा उभारलेली आहे. शरयूतीरी मंगेशीचे नाव लागले, ते कोणा महाजनाच्या वा राज्यकर्त्याच्या योगाने नव्हे, तर येसूबाईंच्या नातीच्या योगाने.

फोंडा महालातील केरी गावची कथाही अशीच. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या सुरश्री केसरबाई केरकर १८९२ साली ह्या गावी जन्मल्या. १९६९ साली त्या पद्मभूषण झाल्या. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ ही दोन अंतराळयाने सोडली. पृथ्वीवरील संगीताचे नमुने असलेली सुवर्णलेपित तबकडी त्यांवर बसविलेली होती, आणि तीत भारताच्या वतीने केसरबाईंची भैरवी होती. दुसरे यान निघाले ५ सप्टेंबरला; १६ सप्टेंबरला केसरबाईंनी देह ठेवला. त्या यानाने २०१२ साली आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला. केरीने मात्र आकाशाकडे पाहून समाधान मानले नाही. जेथे त्यांचे एक घर होते, तेथे आज त्यांच्या नावाचे हायस्कूल आहे. रोज सकाळी मुले त्या नावाखालून वर्गात जातात, ह्याहून चांगले स्मारक कोणते?

आणि कुर्डी? सांगे महालातील ते गाव साळावली धरणाच्या जलाशयात बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे घरांची जोती वर येतात, सोमेश्वराचे देऊळ मोकळे होते, आणि दूरदूर विखुरलेले जुने रहिवासी मे महिन्यात तेथे जमतात. पाऊस आला की पुन्हा सारे पाण्याखाली. ह्या गावाचे नाव बारमाही जिवंत राहिले आहे ते गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांमुळे. गावाने त्यांना नाव दिले. गाव बुडाले, तेव्हा त्यांनी ते राखले.

म्हणजे हा प्रश्न उपकाराचा नाही, परतफेडीचा आहे.

सत्तेच्या नावांचे आयुष्य सत्तेइतकेच असते. पणजीच्या ज्या चौकाला आफोंसु द आल्बुकेर्कचे नाव होते, तो आज आझाद मैदान आहे. कलावंताचे नाव कोणत्याही अमलाच्या आधाराने उभे नसते, म्हणून ते उतरविण्याची गरजही सहसा पडत नाही. कांपाल येथील कला अकादमीची चार्ल्स कुर्रैया यांनी योजिलेली वास्तू १९८३ साली खुली झाली. तिच्यातील मुख्य नाट्यगृहाला दीनानाथांचे नाव आहे. मडगावच्या रवींद्र भवनातील सभागृह ‘पाय तियात्रिस्त’ ह्या नावाने तियात्राचे जनक जुवांव आगोस्तिन फेर्नांदिस यांचे स्मरण देते. एकाच भूमीच्या दोन रंगभूमींचा हा समान मान गोमंतकाला शोभून दिसतो.

तथापि नाव देणे सोपे. ते सार्थ करणे कठीण. त्यासाठी तीन पथ्ये पाळावीत. पहिले, स्थळाचा आणि व्यक्तीचा खरा संबंध असावा. जन्माचे घर, शिकवणीची जागा, गायनाचा मांड. दुसरे, नवे नाव देताना वाड्याचे, शेताचे, तळीचे जुने नाव पुसू नये. तेही कोणा अज्ञात पूर्वजाचेच स्मारक असते. तिसरे, पाटीवर नुसते नाव नको. जन्म-मृत्यूचे सन, गुरूचे नाव आणि कला ह्यांचा दोन ओळींत उल्लेख असावा. एरवी दहा वर्षांत वाटसरू विचारतो, हे कोण? आणि गावकऱ्याला सांगता येत नाही.

कोणी म्हणतील, गायकाला दगड कशाला हवा? त्याचे गाणे हेच त्याचे स्मारक. केसरबाईंविषयी हे खरे आहे, कारण त्यांची ध्वनिमुद्रणे आहेत. पण तबकडी येण्यापूर्वी आपल्या देवळांतून जे गायले गेले, ते हवेत विरले. त्या गायिकांचे गाणे उरले नाही. उरले असलेच तर केवळ नाव, आणि तेही मोडीतल्या जुन्या जमाखर्चात, तेल, फुले व नैवेद्याच्या रकमांच्या शेजारी, वर्षाच्या नेमणुकीपुढे. वाळवी त्या कागदांना लागण्यापूर्वी ती दप्तरे उघडून मोडी जाणणाऱ्यांकडून वाचून घ्यावीत, नावे उतरून काढावीत आणि त्यांची एक पाटी सभामंडपात, देणगीदारांच्या पाट्यांच्याच रांगेत, त्याच आकाराची लावावी. रस्त्यांची नावे सरकार देईल, चौकांची पालिका देईल. देवळाच्या भिंतीवरचे नाव मात्र महाजनांनीच द्यावयाचे आहे. ज्यांना नोंदवहीत जागा मिळाली नाही, त्यांना भिंतीवर तरी मिळावी.

पालखी चौकात थांबते तेव्हा देव गाणे ऐकतो, अशी आपली श्रद्धा आहे. देवाने ज्यांचे ऐकले, त्यांची नावे भक्तांनी विसरू नयेत, एवढीच बुद्धी श्रींनी सर्वांस द्यावी, ही त्यांच्या चरणी प्रार्थना.