कबड्डीचे मैदान आणि आपला कारखाना
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही जन्मभर खडू हाती धरला. व्यापारावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही, हे आम्ही जाणून आहोत. तथापि आमचे बालपण भिवंडीच्या मागांच्या खडखडाटात गेले आणि कबड्डीचे वेड आम्हांस तेव्हापासूनचे. या दोहोंची सांगड घालून चार शब्द निवेदन करतो.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पहिल्याच वर्षी मुंबईचा यू मुंबा संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून ३५–२४ असा हरला. संघाने कर्णधार बदलला नाही. २०१५ साली त्याच अनूपकुमारच्या नेतृत्वाखाली बंगळूरला ३६–३० असे नमवून त्याने अजिंक्यपद मिळविले. एका हंगामाच्या तोट्याने माणसे बदलण्यापूर्वी चूक कोठे झाली हे पाहावे, हा पहिला धडा होय.

दुसरा धडा खेळाच्या नियमांतच आहे. चढाईला एकच गडी जातो. पण तो बाद झाला, तर गुण मिळवून त्याला पुन्हा उठविण्याचे काम मागे उरलेल्यांचे असते. म्हणून सातांपैकी प्रत्येकास डाव ठाऊक असावा लागतो, आणि राखीव गडीही बाकावर तयार असतो.

येथे घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या वडिलांचे आठ माग होते. सूत कोणाकडून उधार आणले, कापडाचे येणे कोणाकडे किती, हे सारे त्यांच्या एकट्याच्या डोक्यात असे. आम्ही तिघे भाऊ. थोरले माग पाहात, मधले कांड्या भरून घेत. वही मात्र कोणीच उघडली नव्हती. वडील अकस्मात गेले. येणे बुडाले, देणे तेवढे दारात उभे राहिले. भावाभावांत संशय शिरला आणि दीड वर्षात आठही माग विकले गेले. आम्ही मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली. वडिलांनी कष्टांत कसूर केली नाही. परंतु चढाई त्यांनी एकट्याने केली आणि आम्हांस रेषेबाहेर उभे ठेवले.

तिसरा धडा गर्वाविषयी. आशियाई क्रीडास्पर्धांत १९९० पासून २०१४ पर्यंत पुरुष कबड्डीचे प्रत्येक सुवर्णपदक भारताने जिंकले. २०१८ साली जकार्ता येथे उपांत्य सामन्यात इराणने आपणांस २७–१८ असे हरविले. इराणचे कित्येक खेळाडू आपल्याच लीगमध्ये खेळून तयार झालेले होते. २०२३ साली हांगझोऊ येथे आपण सुवर्ण परत मिळविले, पण घाम गाळून. तद्वत् शटलविरहित नव्या मागांसमोर जुन्या मागाचा मालक वाडवडिलांच्या नावावर किती दिवस कापड विकणार?

म्हणून आमची नम्र सूचना अशी : महिन्यातून एकदा वही घरातील सर्वांसमोर उघडावी, मुलांइतकीच ती मुलीसुनांसमोरही उघडावी. येणे, देणे, सुताचा भाव, विजेचे बिल, सर्व मोठ्याने वाचावे. तरुणास एखादा व्यवहार स्वतंत्रपणे करू द्यावा. तो फसला तर रागावू नये, त्यास पुन्हा उठवावे.

आमचे माग गेले ते गेले. आपले राहावेत, एवढ्याचसाठी हा बोलण्याचा खटाटोप.