टिटवीचा फोटो मुखपृष्ठावर का नाही

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला सांगितलं गेलं की फोटोग्राफीवर दहा मिनिटं बोल, पण तांत्रिक नको. दिवसभर कोड लिहिणारीला हे सांगणं म्हणजे शिक्षाच, तरी प्रयत्न करते. खरं तर मला एक खुलासा करायचा आहे. स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी समितीनं माझा टिटवीचा फोटो मागितला होता आणि मी तो दिला नाही. 'एवढा कसला भाव खाते' असं ग्रुपवर कुणीतरी लिहिलं. नाव सांगत नाही, तिसऱ्या रांगेत बसलाय.

तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. माळावरची टिटवी, पंख पसरलेले, चोच उघडी, पायाशी चार अंडी. मी तो ग्रुपवर टाकला त्या दिवशी हात जोडलेले, डोळे पाणावलेले इमोजी इतके आले की मी दोन दिवस हवेत होते. 'आईची माया' असं एकीनं लिहिलं होतं.

ती माया नव्हती. ती मला हाकलत होती.

२०१९ चा मे महिना. सासवडच्या पुढच्या एका माळावर मी गेले होते. टिटवी घरटं असं बांधतच नाही. उघड्या जमिनीवर थोडा खळगा, भोवती चार खडे, त्यात मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची अंडी. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. मला दिसली आणि मी पालथी पडले. पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून फोटो काढावा, हे प्रत्येक वर्गात शिकवतात. किती अंतरावरून, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. दीडशे-सहाशेची लेन्स गळ्यात असूनही मी सरपटत पुढे गेले, कारण अंडी आणि पक्षी दोन्ही स्पष्ट हवे होते. नर-मादी दोघंही डोक्यावरून झेपा टाकत ओरडत होते. मला वाटलं, काय सुंदर 'ॲक्शन' मिळतेय! इंग्रजी पक्षीपुस्तकांत टिटवीची हाक 'डिड ही डू इट' अशी लिहितात. तेव्हा मला त्याची गंमत वाटायची.

घरी येऊन फोटो संगणकावर उतरवले. तुम्हाला माहीत असेल, डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत वेळ नोंदवतो, अगदी सेकंदासकट. आमच्या धंद्यात काही बिघडलं की आम्ही आधी अशा नोंदी वाचतो. सवयीनं मी फोटो वेळेनुसार लावले. पहिला १०:५२ चा, शेवटचा ११:३४ चा. तीनशेबारा फोटो, बेचाळीस मिनिटं. आणि त्यातल्या एकाही फोटोत पक्षी अंड्यांवर बसलेला नव्हता.

मग मी वाचायला बसले. आधी वाचायला हवं होतं ते सगळं नंतर वाचलं. मे महिन्यातल्या उघड्या माळावर टिटवीला अंडी उबवण्यापेक्षा थंड ठेवायचंच काम जास्त असतं. ती अंड्यांवर उभी राहून सावली धरते. जवळ पाणी असेल तर पोटाची पिसं भिजवून आणते आणि त्या ओलाव्यानं अंडी गार ठेवते. नर-मादी पाळीपाळीनं हे करतात, जवळजवळ महिनाभर. त्यांच्या त्या महिन्यात मी ऐन उन्हात बेचाळीस मिनिटं मध्ये घुसले होते.

पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. अंडी जिथल्या तिथे होती, चारही. एकीला मुंग्या लागल्या होत्या. आभाळात ओरडणारं कुणी नव्हतं. मेंढरं घेऊन चाललेले एक आजोबा थांबले. म्हणाले, 'बाई, त्या दिशी पालथं पडल्यालं तुमीच न्हवं? तवापासनं पाखरू हितं फिरकलं न्हाई.' त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

माझ्यामुळेच झालं, हे मी सिद्ध करू शकत नाही. कुत्रं आलं असेल, घार आली असेल. पण बेचाळीस मिनिटांची नोंद माझ्या नावावर आहे. आठवीत मराठीच्या बाईंनी आपल्याला 'टिटवी देखील समुद्र आटविते' ही म्हण दिली होती, वाक्यात उपयोग करा म्हणून. समुद्रानं अंडी नेली म्हणून त्याच्याशी भांडायला निघालेल्या टिटवीची गोष्टही सांगितली होती. बाई, तुम्ही आज समोर आहात म्हणून सांगते, त्या माळावर उभी असताना मला ती गोष्ट आठवली, आणि त्यातला समुद्र मी होते.

त्यानंतर घरट्याचा फोटो काढलेला नाही. भिगवणला पूर्वी मीही नावाड्याला 'जरा जवळ घ्या, थवा उडू दे' म्हटलंय. उडणाऱ्या रोहितांचे गुलाबी पंख कुणाला नको असतात? आता नाव दूर थांबवायला सांगते. ते चिखलात माना घालून चरत असतात, तेच बघत बसते.

फुलपाखरांनी मला बसायला शिकवलं. ताम्हिणीत एका ओढ्याच्या ओल्या वाळूवर नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, क्षार शोषायला उतरला होता. २०१५ मध्ये आपल्या राज्यानं ज्याला राज्य फुलपाखरू केलं, तोच. मी लांब खडकावर बसले. तासाभरात तो सरकत सरकत माझ्या बुटापाशी आला. लेन्सच्या मानानं इतका जवळ की फोकसच होईना! शेवटी कॅमेरा मांडीवर ठेवला. तो फोटो माझ्याकडे नाही.

मुखपृष्ठासाठी मी दुसरा फोटो दिला होता, शाळेच्या विहिरीजवळच्या कढीपत्त्यावरचा. त्यावरची फुलपाखराची कोवळी अळी शत्रूला फसवण्यासाठी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. समितीचं म्हणणं पडलं की मुखपृष्ठावर हे बरं दिसणार नाही. मान्य आहे. शाळेच्या इमारतीचा फोटो छानच आलाय.

उद्या सकाळी सहाला मी शाळेमागच्या माळाचं जे काही उरलंय तिकडे जाणार आहे. यायचं असेल त्यांनी या. भडक कपडे नकोत, आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही. चहा मी आणते. तिसऱ्या रांगेतल्यांनी बिस्किटं आणावीत.