कोठाराची किल्ली
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज नवी कमिटी निवडायची आहे. त्याआधी एक प्रश्न विचारावासा वाटतो. माणसांत पुढारी आला कुठून? आणि ही वर-खालीची उतरंड कोणी रचली?

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव सापडलं. इतर घरं लहान. एक घर मात्र पाच खोल्यांचं, आणि त्याच्या शेजारीच धान्याचं कोठार! ते गावप्रमुखाचं घर असावं, असं संशोधकांचं मत आहे.

शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या, सतत फिरणाऱ्या टोळीत साठवायला फारसं काही नसे. शेती आली, साठा आला, मग राखणदार आला.

तथागतांनी हेच श्रावस्तीत वासेट्ठ आणि भारद्वाज या ब्राह्मण कुळातून आलेल्या दोघांना समजावून सांगितलं. दीघनिकायातल्या अग्गञ्ञ सुत्तात ते आहे. लोक तांदूळ साठवू लागले, शेतांना बांध घातले, मग चोरी आणि मारहाण सुरू झाली. शेवटी सारे जमले. आपल्यातलाच एक लायक माणूस निवडला. त्याने न्याय करायचा, लोकांनी त्याला भाताचा वाटा द्यायचा. त्याला म्हणाले महासम्मत, म्हणजे बहुजनांनी मान्य केलेला. तो कुणा देवाच्या मुखातून आलेला नव्हता. लोकांनी नेमलेला होता.

म्हणजे पुढारी असणं वाईट नाही. पुढारीपण जन्माला चिकटलं की उतरंड होते. संघात काय होतं? शाक्य राजकुमार प्रव्रज्या घ्यायला आले, तेव्हा त्यांनीच विनंती केली की आमच्या आधी उपालीला दीक्षा द्यावी. उपाली त्यांचा न्हावी. तो आधी भिक्खू झाला, म्हणून राजकुमारांनी त्याला वंदन केलं. कुळाचा अभिमान गळावा म्हणूनच त्यांनी तसं मागितलं होतं.

परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला, की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. हे फक्त दिल्लीसाठी आहे, असं समजू नका.

आमच्याकडेच या विहाराची किल्ली आणि दानपेटी बरीच वर्षं होती. सुरुवातीला आम्ही दर पौर्णिमेला हिशेब वाचून दाखवायचो. पुढे कोणी विचारीना, आम्हीही सोडून दिलं. एकदा वस्तीतल्या एका मुलीने विचारलं, "काका, यंदाचा जमाखर्च कुठाय?" आम्हाला राग आला. एक पैसा इकडचा तिकडे झाला नव्हता, तरी राग आला! रात्री झोप लागली नाही. राखणदाराचा मालक असाच होतो. त्याची नियत फिरायला लागते असं नाही; बाकीच्यांनी विचारणं बंद केलं तरी पुरतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या हाती वही दिली आणि म्हणालो, "पोरी, आता तूच वाच."

तेव्हा नव्या कमिटीला हार जरूर घाला. पण पौर्णिमेला हिशेब मागा. बायांनी मागा, पोरांनी मागा. ज्याला विचारता येतं, तोच आपला महासम्मत.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!