लांब कानांचा पाहुणा



आज आम्ही कुत्र्याविषयी बोलणार आहोत. हसू नका. आम्ही जन्मभर शाळेत मुलांना शिकवले. म्हातारपणी एका कुत्र्याने आम्हांला शिकवले.

आमच्या मुलाची बदली दिल्लीला झाली. तिथली जागा लहान. म्हणून त्याचा मोती आमच्याकडे आला. अंग सोनेरी, केस मऊ, कान हनुवटीच्या खाली लोंबणारे. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हे कुत्रं आहे की करडू?"

या जातीचे नाव कॉकर स्पॅनियल. ही मूळची इंग्लंडची जात. तिकडे रानात वुडकॉक नावाचा पक्षी असतो. तो पाचोळ्यात दडून बसतो. झुडपात शिरून त्याला उठवायचे, हे या कुत्र्याचे काम. शिकाऱ्याने पक्षी पाडला की तो तोंडात धरून आणायचा, पण दात लावायचा नाही! वुडकॉकवरून कॉकर हे नाव पडले. लंडनजवळ नव्हे, खुद्द लंडनात १८७३ साली केनेल क्लब ही संस्था निघाली. ती कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवते. पुढे ही जात अमेरिकेतही गेली. तिथे तिचा थोडा लहान, दाट केसांचा दुसरा प्रकार झाला.

कॉकर उंचीला पंधरा-सोळा इंच. वजन १३ ते १४ किलो. बारा-चौदा वर्षे जगतो. शिकारीचे दिवस गेले, पण नाकाचा स्वभाव गेला नाही. मोती बांधावरचे एकेक झुडूप हुंगतो. शेपूट सारखी हलते. माणसावाचून त्याला करमत नाही. राखणीला मात्र तो उपयोगाचा नाही. चोर आला तर त्याचाही हात चाटील. राखणीला आपला गावठी कुत्राच बरा, हे आमचे स्पष्ट मत आहे.

आता आमची चूक सांगतो. पाऊस सरला होता. गवत वाळून कुसळे झाली होती. मोती रोज आमच्याबरोबर रानात यायचा. एके दिवशी तो डोके झटकू लागला. पायाने कान खाजवू लागला. आम्हांला वाटले, खोडी करतो आहे. आम्ही त्याला रागावलो, बांधूनही ठेवले. सौभाग्यवतींनी कानात कोमट तेल सोडले. तेही चुकले.

चौथ्या दिवशी नातवाने खेळता खेळता त्याचा कान ओढला. मोती त्याच्या बोटाला चावला. रक्त आले.

शेजारी जमले. कोणी म्हणाले, "पिसाळलंय, घालवा त्याला." कोणी चुना लावायला निघाले. सूनबाई सुटीला आली होती. तिने कोणाचे ऐकले नाही. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे बोट धुतले. मग पोराला घेऊन थेट सरकारी दवाखान्यात गेली. मोतीला दर वर्षी लस टोचलेली होती. तरी डॉक्टरांनी इंजेक्शने दिली. ठरल्या तारखांना ती सगळी पुरी केली.

मोतीला आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी बत्ती लावून कानात पाहिले. आत पू झाला होता आणि खोल एक कुसळ रुतले होते. गुंगीचे औषध देऊन ते काढावे लागले. एवढेसे कुसळ! आणि आम्ही त्याला चार दिवस बांधून ठेवले होते. त्या रात्री आम्हांला जेवण गेले नाही.

लोंबत्या कानात वारा खेळत नाही. आत ओल राहते आणि कान सडतो. म्हणून आम्ही आठवड्याला कान उघडून पाहतो. आंघोळीत पाणी जाऊ देत नाही. रानातून आलो की कान, पंजे, पोट चाचपतो. कुसळ, गोचीड काढतो. एक दिवसाआड केस विंचरतो. उन्हाळ्यात सकाळी लवकरच फिरवतो. तो खादाड आहे, म्हणून मोजून वाढतो. कांदा, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट अजिबात देत नाही. कुत्र्याला ती विषासारखी बाधतात. ज्यांच्या बागा आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे, बरं का.

एवढे करायला घरात कोणाला वेळ नसेल, तर हौसेने असले पिल्लू विकत आणू नये.

मोती बाहेर ओट्यावर निजला आहे. पाहायचा असेल त्यांनी जरूर पाहावा. आधी त्याला हात हुंगू द्या. कान मात्र धरू नका.