नवे कोठार

लोभ हा शब्द आपण बहुधा दुसऱ्याविषयी वापरतो. स्वतःच्या बाबतीत तोच विकार ‘हक्क’, ‘तरतूद’, ‘मुलाबाळांचे भवितव्य’ अशी सभ्य नावे धारण करून येतो. रात्रीच्या आत्मपरीक्षणात राग आठवतो, असत्य आठवते. लोभ मात्र सहसा आठवत नाही.

संत लूक यांच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात असाच एक प्रसंग आहे. गर्दीतून एक मनुष्य प्रभू येशूला विनवितो की, वडिलोपार्जित मिळकतीचा वाटा देण्यास माझ्या भावाला सांगावे. त्याची मागणी अन्यायाची होती असे लूक कोठेही म्हणत नाही. कदाचित भावाने त्याला खरोखरच बुडविले असेल. तरीही प्रभू पंच होण्याचे नाकारतो आणि जमलेल्या सर्वांनाच लोभापासून सावध करतो. तांब्याच्या एका घंगाळापायी भावाभावांनी जन्माचा अबोला धरलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा प्रसंग फार उलगडून सांगावयास नको. वाटणीपत्रावर सह्या होतात, पण घंगाळ काही मनातून जात नाही.

याच वेळी प्रभूने धनवान शेतकऱ्याचा दाखला सांगितला. शेत उदंड पिकते. धान्य ठेवावयास जागा पुरत नाही. तेव्हा जुनी कोठारे पाडून मोठी बांधावी आणि पुढे वर्षानुवर्षे खुशाल खावे-प्यावे, असा बेत तो करतो. त्याच रात्री त्याचे प्राण मागितले जातात. हा दाखला वर्गात शिकविताना त्या मनुष्याच्या बोलण्यातील सर्वनामे मुलांकडून अवश्य मोजून घ्यावी. मी, माझे, माझी. दुसऱ्या माणसासाठी एकही सर्वनाम सापडत नाही. त्याने चोरी केलेली नाही, मजूर नाडल्याचाही उल्लेख नाही. परंतु एवढा मोठा बेत करताना तो बायकोशी बोलत नाही, शेजाऱ्याशी नाही, कापणी करणाऱ्यांशीही नाही. तो बोलतो स्वतःशीच.

आपल्याकडील जुने खळे ज्यांना आठवते त्यांना यातील उणीव चटकन जाणवेल. सुगीत सुतार, लोहार, कुंभार खळ्यावर येऊन आपापले बलुते नेत. त्या व्यवस्थेत उच्चनीचता पुष्कळ होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण रास एकट्याची नसते, एवढे तेथे डोळ्यांना दिसत असे. यहुदी धर्मशास्त्राचाही असाच दंडक होता. शेताच्या कडेचे पीक कापू नये, विसरलेली पेंढी आणावयास माघारी जाऊ नये. ती विधवेची, पोरक्याची, परक्याची. प्रभूसमोरच्या श्रोत्यांना हा नियम ठाऊक होता. त्या श्रीमंताच्या सुगीत ही माणसे कोठेच नाहीत, हे त्यांच्या ध्यानी आलेच असेल.

इ. स. ३६९ च्या सुमारास कप्पदुकियातील कैसरिया नगरात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा संत बेसिल यांनी याच दाखल्यावर प्रवचन केले. कोठारे हवीत ना? ती गरिबांच्या घरी आहेतच, असा त्यांचा रोख होता. नुसते प्रवचन करून ते थांबले नाहीत. धनिकांची कोठारे उघडवून भुकेल्यांसाठी कढणाचे हंडे चढविले. साठा करणे मुळातच पाप, असे मात्र कोणी समजू नये. योसेफानेही मिसर देशात सात वर्षे धान्य साठविले; पण ते दुष्काळात सर्वांच्या मुखी पडावे म्हणून.

आता प्रश्न समाधानाचा. संत पौल बंदिवासातून फिलिप्पैच्या भाविकांना लिहितात की, टंचाई असो वा विपुलता, आपण समाधानाने राहावयास शिकलो आहोत. मला येथे ‘शिकणे’ हे क्रियापद फार मोलाचे वाटते. समाधान हा जन्मजात स्वभाव नव्हे. ती विद्या आहे आणि तिला अभ्यास लागतो. टंचाईचा अभ्यास परिस्थिती करवून घेते. विपुलतेचा ज्याचा त्याने करावयाचा असतो, आणि तोच अवघड. वेतन किंवा पीक हाती येण्यापूर्वीच ‘इतके पुरे’ हा आकडा ठरवून दान वेगळे काढावे, हा त्यातला पहिला धडा म्हणता येईल. पैसा हाती आल्यावर ठरवू म्हणणाऱ्याचा आकडा नेहमी फुगतो.

मात्र ही विद्या दुसऱ्याच्या गळी उतरविण्याची नव्हे. आपल्या गड्याला कमी मजुरी देऊन वर समाधानाचा उपदेश करणे, हा लोभाचाच आणखी एक वेष आहे. मजुरी मजुराच्या निर्वाहास पुरेशी असलीच पाहिजे, असे पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात स्पष्ट बजावले आहे. देहूच्या तुकाराम महाराजांची कथा या संदर्भात आठवते. घराण्याच्या सावकारीची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु परंपरा असे सांगते की, त्याआधी त्यांनी खतांचे दोन वाटे केले. धाकट्या कान्होबाचा वाटा त्याच्या हाती दिला आणि नदीत सोडला तो केवळ स्वतःचा.