गावठी गाय आणि माळावरचे तण



पशुवैद्यक आणि पशुपालकांची ही परिषद बदलापुरात भरते आहे याचा मला विशेष आनंद आहे, कारण मला जे बोलायचे आहे ते इथून हाकेच्या अंतरावर दिसते. कोंडेश्वरच्या वाटेला लागा. प्लॉट पाडून, भिंत घालून सोडून दिलेले माळ लागतील. गुरे आत जाऊ शकत नाहीत आणि आत गाजरगवत, रानमोडी, घाणेरी छातीला लागते. ज्या गाईंनी तिथे चरायचे, त्या उल्हासनगरच्या बाजारात कचराकुंडीपाशी उभ्या असतात. त्यांची पोटे उघडून प्लास्टिकचे बोळे काढणारे हात याच सभागृहात बसले आहेत.

आपण गावठी गाय दुधात मोजली आणि टाकाऊ ठरवली. माळ राखण्याचे तिचे काम कोणी मोजलेच नाही. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे.

कोकण कपिला घ्या. अंगाने लहान, दूध दिवसाला लिटर-दोन लिटर. करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, त्याआधी ती कागदोपत्री फक्त ‘गावठी’ होती. दुसरी डांगी. तिच्या कातडीतून तेलकट स्राव सुटतो, म्हणून सह्याद्रीच्या मुसळधार पावसात ती दिवसभर उघड्यावर चरते. खूर काळे, टणक, खडकाळ उतारावर न झिजणारे. या गाई चरताना जवळून पाहा. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेचा वेढा घालून गवत तोडते, बुडखा तसाच राहतो. गवताची वाढ बुडातून होते, म्हणून ते पुन्हा फुटते. झुडपाचा कोवळा शेंडा मोडला की त्याची उंची खुंटते, आणि खुराखाली तणाची कितीतरी रोपे रुजण्याआधीच जातात. जास्त दुधाच्या संकरित गाईला पौष्टिक तेवढेच वेचून खावे लागते. काटक गाईचे तसे नाही, भरड पाल्यावरही तिचे भागते. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या कुरणांवर स्कॉटलंडच्या हायलँड गाईंचा अभ्यास झाला, त्यातही हेच दिसले. वजनाने हलक्या, कमी चोखंदळ गाई जिथे चरल्या तिथे झुडपे कमी आणि वनस्पतींच्या जाती जास्त होत्या.

चराई बंद केली म्हणजे निसर्ग वाचला, हा समज आपल्या देशाला महागात पडला आहे. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात 1982 साली म्हशी-गाईंची चराई थांबवली. विरोध झाला, गोळीबार झाला, गावकऱ्यांचे जीव गेले. पुढे पाणथळीत एक पाणगवत असे माजले की पक्ष्यांना उघडे पाणी मिळेना. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे वर्षानुवर्षे काम करून दाखवून दिले की ते गवत म्हशीच आटोक्यात ठेवत होत्या. आपल्या कासच्या पठारावरही कुंपण घालून चराई थांबवली, फुले रोडावल्याच्या तक्रारी आल्या आणि शेवटी कुंपण काढावे लागले. उघड्या पडलेल्या डोंगराला काही वर्षे चराईबंदी हवीच, त्याबद्दल माझे दुमत नाही. पण औषधाचा कोर्स संपला की औषध थांबवतात.

आता गाईकडून काय होणार नाही, तेही मी इथेच सांगतो. गाजरगवत ती खात नाही, पोटात गेलेच तर दूध कडवट होते. घाणेरीने यकृत बिघडते, मग उन्हात कातडी सोलवटते. अशी जनावरे आपण सगळ्यांनी तपासली आहेत. टाकळ्याला ती सहसा तोंड लावत नाही. उलट पहिल्या पावसात ओल्या जमिनीवर गुरे सोडून गवत खुरडले, तर मोकळ्या जागी टाकळाच माजतो. म्हणजे गुरांची संख्या आणि सोडण्याची वेळ चुकली तर हीच गाय तण वाढवते. आपल्या भागातले जाणते लोक गवत राखून ठेवायचे, दिवाळीच्या सुमारास कापायचे, गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचे आणि मगच खोडव्यावर गुरे सोडायचे. त्या शिस्तीत शास्त्र आहे.

म्हणून क्रम असा असावा. गाजरगवत फुलावर येण्याआधी माणसांनी उपटायचे, उरलेल्यावर मेक्सिकन भुंगे सोडायचे. घाणेरी मुळाच्या गड्ड्याखाली तोडून उलटी टाकायची, नुसती वरून छाटली की ती दुप्पट फुटते. मोकळ्या जागेत मारवेल, पवना पेरायचा. गवत जोम धरेल तेव्हा गाई आणायच्या, ठरलेल्या संख्येने, आज या तुकड्यावर, उद्या त्या. पेरलेले गवत दाट ठेवून तणाला पुन्हा जागा न देणे, एवढे काम गाईचे.

त्यासाठी आधी गायरान हवे. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले. आपल्या शहरांभोवती जी गायराने शिल्लक आहेत, ती तरी मोजून, खुणा गाडून राखली पाहिजेत.

समारोपाच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. बदलापूर परिसरातले एक गायरान निवडावे, निम्म्यावर गावठी गाई चाराव्यात, निम्मे बंद ठेवावे. दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि 1886 पासून चालत आलेले परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय यांनी तीन पावसाळे दोन्हींकडचे गवत आणि तण मोजावे. खर्चाच्या अंदाजात पहिली रक्कम गुराख्याच्या मजुरीची असावी, कारण कुठल्या तुकड्यावर किती दिवस गुरे ठेवायची हे रोज तोच ठरवणार आहे. या ठरावाला अनुमोदन देणाऱ्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला येऊन भेटावे.