न्यायालयाची फी आणि आपल्या भगिनी
(मालवण येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक व्हावे, वसतिगृहासाठी देणग्या जाहीर व्हाव्यात, असा आपला परिपाठ आहे. अशा मंगल प्रसंगी कोर्टाच्या फीसारखा रुक्ष विषय मी घेऊन उभा राहिलो, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. मी वकील नव्हे. माझे आयुष्य शिक्षकी पेशात गेले. परंतु मंडळाच्या सलोखा समितीत अनेक वर्षे बसलो, आणि तेथे माझ्या हातून जे घडले त्यामुळेच हा विषय मला सोडवत नाही.

आपल्या या किनाऱ्यावर माडांच्या वाटपावरून, पाणंदीच्या वहिवाटीवरून किंवा पडवीच्या एखाद्या खणावरून वितुष्ट आले नाही असे घर विरळाच. अशा वेळी आपण सारे एकच म्हण उच्चारतो: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. म्हण खोटी नाही. पण ती कोणाच्या सोयीची आहे, हे आपण पाहत नाही. ज्याच्या ताब्यात बाग आहे त्याला ती फार सोयीची. ज्याचा हिस्सा अडला आहे त्याच्या तोंडात मात्र ती कोणी दुसऱ्यानेच घातलेली असते.

न्यायासाठी पैसा घेण्याची चाल आजची नव्हे. मराठेशाहीत वाद जिंकणारा सरकारात ‘हरकी’ भरीत असे आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ घेत. म्हणजे भार पडे तो निवाड्याबरोबर. इंग्रजी अमदानीत पैसा दारातच घेण्याची पद्धत रुळली. फीमुळे खोट्या दाव्यांना आळा बसतो, असे बंगालमधील १७९५ च्या नियमाच्या प्रस्तावनेत लिहिले होते. मेकॉलेने १८३५ मध्ये त्या प्रस्तावनेची यथेच्छ टर उडविली. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, फी खऱ्या-खोट्याची निवड करीत नाही. ती दोघांनाही सारखीच अडविते. मेकॉलेच्या पुष्कळ मतांशी आपले जमणार नाही, पण येथे तो बरोबर होता. तरीही १८७० चा कोर्ट फी कायदा झालाच.

स्वातंत्र्यानंतर मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या अहवालात, न्यायदान हे सरकारच्या नफ्याचे साधन होऊ नये, असे स्पष्ट म्हटले. दुसऱ्याच वर्षी तत्कालीन मुंबई राज्याने स्वतःचा कायदा केला. तोच आज महाराष्ट्राचा न्यायालय फी कायदा होय. सर्वोच्च न्यायालय सोडून इतर न्यायालयांतील फी हा विषय घटनेने राज्यांकडे सोपविला आहे. ही फी म्हणजे कर नव्हे, न्यायदानाच्या खर्चाशी तिचा ढोबळ मेळ असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. दाव्यावरील फीची कमाल मर्यादा एके काळी १५,००० रुपये होती. पुढे ती ३ लाख झाली, आणि जानेवारी २०१८ पासून १० लाख. हा आकडा वर्तमानपत्रात आला तेव्हा आपल्या गावोगावी तो अशा रीतीने पसरला की, जणू कोर्टात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकालाच १० लाख मोजावयाचे आहेत!

वस्तुस्थिती निराळी आहे. वाटपाच्या दाव्यात फी लागते ती आपल्या हिश्शाच्या किमतीवर, सबंध मिळकतीवर नव्हे. सारा भरणाऱ्या शेतजमिनीच्या ताब्याच्या दाव्यात तर बाजारभाव न धरता साऱ्याच्या ठराविक पटीने मूल्य काढतात. तारकर्लीकडे पर्यटनामुळे जमिनींचे भाव कोठच्या कोठे गेले आहेत, तेव्हा हा फरक लहान नाही. घराला मात्र बाजारभावच लागतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९९४ च्या जून महिन्यात महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते; ती अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर उरली नाही. आणि १९९४ च्याच ऑक्टोबरमध्ये राज्य शासनाने पोटगी, मालमत्तेचे वाद, अत्याचार व घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालय फी माफ केली. जूनमध्ये हक्क, ऑक्टोबरमध्ये दार मोकळे. पहिली बातमी आपल्या घरांत पोहोचली, कारण तिची भावांना धास्ती वाटली. दुसरी पोहोचविण्याची कोणालाच घाई नव्हती.

मलाही ती ठाऊक नव्हती. काही वर्षांपूर्वी आपल्या ज्ञातीतील एक विधवा भगिनी समितीपुढे आली. भावांनी हक्कसोडपत्राचा मसुदा तयार ठेवला होता. ती मला म्हणाली, “गुरुजी, कोर्टात जावचा म्हटला तर पैशे खंयसून हाडू?” मी उत्तर दिले की, बाई, कोर्टाच्या फीतच तुझा हिस्सा जाईल, भाऊ देतात ते घे आणि माहेर राख. तिने सही केली. पुढे एका परिचित वकिलांशी सहज बोलताना मला कळले की, तिला फीपोटी एक पैसाही द्यावा लागला नसता. इतकेच नव्हे, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकीलही मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातच त्यासाठी समिती असते. नोंदलेले हक्कसोडपत्र मागे घेणे किती दुर्घट असते, हे तेव्हाच मला कळले. ती बाई अजून भेटते, आदराने नमस्कार करते. तो नमस्कार मला घेववत नाही.

सलोखा नको, असे माझे म्हणणे नाही. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली फी परत मिळते आणि त्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते. आपल्या समितीच्या कागदाला ते नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये होण्यापूर्वी जिल्हा न्यायालयासाठी रत्नागिरी गाठावी लागे. आज ओरोस जवळ आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे फिरते पीठही (सर्किट बेंच) कोल्हापुरास बसते. वकिलाचा खर्च, तारखांचे हेलपाटे, मुंबईच्या चाकरमान्यांच्या रजा, हे सारे पुरुषवर्गाला उरतेच, हे मी जाणतो.

माझी मागणी एवढीच आहे. समितीपुढे कोणत्याही भगिनीचे हक्कसोडपत्र येईल तेव्हा फीमाफीची आणि मोफत वकिलाची माहिती तिला मराठीत लेखी द्यावी, वाचून दाखवावी, आणि त्यानंतर निदान एक महिना सही घेऊ नये. त्या महिन्यात तिने कोणाचाही सल्ला घ्यावा. या आशयाच्या ठरावाचा मसुदा मी कार्यवाहांच्या स्वाधीन केला आहे. दुपारच्या सत्रात तो वाचला जाईल, तेव्हा भगिनींनी स्वयंपाकघराकडे न जाता सभागृहातच बसावे, अशी माझी विनंती आहे.